मदत हवी आहे: रोख का घेता, हे दुकानदाराला विचारायचं कसं?

नमस्कार मंडळी. एमए अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी बेळगावात खडेबाजार, गणपत गल्लीतल्या दुकानदारांशी बोलतोय. 2025 च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बेंगळुरूत ‘फक्त रोख’चे फलक लागले. इथल्या एक भाजीवाल्या मावशी क्यूआर कोडवर कोथिंबिरीची जुडी ठेवतात, ओळखीचं गिऱ्हाईक आलं की बाजूला सारतात! ताज्या भाजीला जीएसटी नाहीच, तरीही.

अडचण हीच. कराची भीती आणि ‘माझा हिशेब दुसऱ्यानं का बघावा’ ही भावना वेगवेगळी मोजायची कशी? थेट विचारलं की लोक मलाच खात्याचा माणूस समजतात.

दुसरं, तरलता, म्हणजे बँकांच्या हाताशी असलेला पैसा. यूपीआयनं पैसा या बँकेतून त्या बँकेत जातो, एकूण ठेवी तेवढ्याच राहतात. रोख काढली की तो बँकांबाहेरच पडतो. जिल्हावार ठेवींचे आकडे रिझर्व्ह बँक देते, पण तालुक्याचं चित्र कुठून मिळवू? निपाणी-खानापूरकडे बँकेत किंवा पतसंस्थेत कॅश सांभाळलेलं कुणी आहे का? प्रश्नावली मराठी-कन्नड दोन्हीत तयार आहे, कुणी नजर टाकली तर फार बरं होईल.