इमामोविचांचं कोणतं पुस्तक टिकेल: कायद्याचं की राष्ट्राचं?

दूरदेशी

व्हिएन्नात सात वर्षं काढली. शेजारच्या दारात ग्रादाचाचहून आलेलं एक बोस्नियन कुटुंब होतं. त्यांच्या बैठकीत गावातल्या बुरुजाचा फोटो लावलेला. 1831 साली उस्मानी सुलतानाविरुद्ध उठून बोस्नियाला स्वायत्तता मागणारा हुसेन कप्तान ग्रादाश्चेविच तिथलाच. त्याच गावात 1941 साली इतिहासकार मुस्तफा इमामोविच जन्मले. शेजारच्या आजोबांनी मला त्यांची पुस्तकं वाचायला दिली आणि शब्दकोश घेऊन मी ती रडतखडत का होईना, वाचली. इमामोविच 2017 साली गेले. आपल्याकडे त्यांच्यावर काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा.

ते सारायेव्होच्या विधी महाविद्यालयात राज्य आणि कायद्याचा इतिहास शिकवत. त्यांची दोन पुस्तकं मला महत्त्वाची वाटतात. पहिलं 1976 चं, 1878 ते 1914 या काळात बोस्निया-हर्झेगोविनाचा कायद्यातला दर्जा काय होता आणि आतलं राजकारण कसं घडत गेलं, यावर. दुसरं म्हणजे बोस्नियातलं 1992-95 चं युद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांत आलेला ‘बोश्न्याकांचा इतिहास’, सहाशेहून जास्त पानांचा. (बोस्नियन म्हणजे त्या देशाचा कुणीही. बोश्न्याक म्हणजे तिथला मुस्लिम परंपरेतला समाज. पुढे हा फरक लागेल.)

माझं म्हणणं असं की पहिलं पुस्तक टिकेल. दुसरं त्या वेळेची गरज होती, पण त्यात इतिहासकाराने लेखणी राष्ट्राच्या हाती दिली.

पहिल्या पुस्तकाच्या विषयात एवढं बळ का आहे, ते एका प्रसंगावरून सांगतो. 1878 च्या बर्लिन कराराच्या 25 व्या कलमाने ऑस्ट्रिया-हंगेरीला बोस्नियाचा ताबा आणि कारभार दिला. मालकी मात्र सुलतानाकडेच राहिली. एप्रिल 1879 मध्ये दोन्ही सरकारांचा वेगळा करार झाला. शुक्रवारच्या नमाजात सुलतानाचं नाव घेतलं जाईल, जिथे मिनारांवर उस्मानी झेंडा लावायची रीत आहे तिथे तो लागेल, त्यांचं नाणंही चालेल. आणि मग 1881 मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला. आता हर्झेगोविनातल्या माणसाने काय समजायचं? शुक्रवारी ज्याचं नाव घेतो तो सुलतान, आणि पोरगा पलटणीत पाठवायचा तो सम्राटाच्या! 1882 च्या जानेवारीत तिथले ऑर्थोडॉक्स आणि मुसलमान गावकरी एकत्र उठले. भरतीची चीड कुठल्याही शेतकऱ्याला येईल. पण सार्वभौम एक आणि कारभारी दुसरा, ही गाठ कायदा शिकलेल्या इतिहासकारालाच नीट दिसते. इमामोविचांचं खरं काम तिथे आहे.

दुसऱ्या पुस्तकात मध्ययुगापासून आजपर्यंत एक धागा ओढलाय. पण मध्ययुगीन बोस्नियन राज्यात ‘बोश्न्यानिन’ म्हणजे त्या राज्याची माणसं. तो शब्द आजच्या एकाच समाजाकडे आणून पोचवायचा तर मधलं बरंच सपाट करावं लागतं. दुसरी अडचण ‘वंशसंहार’ या शब्दाची. 1991 सालीच त्यांनी युगोस्लाव्ह भूमीतल्या मुसलमानांच्या वंशसंहारांचा आढावा लिहिला होता. शब्द घडला 1944 मध्ये, करार झाला 1948 चा. ज्याने आयुष्यभर कायदा शिकवला त्याने तो शब्द जुन्या शतकांवर इतक्या सहज लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

शब्दवेडी

धागा काढलात त्याबद्दल आभार. पण निष्कर्षाशी जोरदार असहमत.

सारायेव्होत मी तीन दिवस होते, त्यातली एक अख्खी सकाळ व्ह्येच्नित्सात, म्हणजे जुन्या नगरभवनात गेली. 1896 साली पूर्ण झालेली इमारत. पुढे तिथे राष्ट्रीय ग्रंथालय आलं आणि 25-26 ऑगस्ट 1992 च्या रात्री ते तोफगोळ्यांनी पेटवलं गेलं. दाराशी संगमरवरी पाटी आहे, तिच्या शेवटी लिहिलंय: विसरू नका, लक्षात ठेवा आणि सावध करा. त्याआधी त्याच वर्षी 17 मे रोजी प्राच्यविद्या संस्था जाळली. अरबी, तुर्की, फारसीतली पाच हजारांवर हस्तलिखितं आणि उस्मानी काळाचे दप्तरखाने एका दिवसात राख झाले. अशा शहरातला इतिहासाचा प्राध्यापक युद्ध संपल्यावर आपल्या लोकांचा सलग इतिहास लिहून काढतो. त्याला ‘लेखणी राष्ट्राच्या हाती दिली’ म्हणणं फार कोरडं आहे. कागदच उरले नव्हते हो! जे आठवत होतं, जे टिपणांत होतं, ते एका जागी बांधून ठेवणं हेच मोठं काम होतं.

आणि सलगतेचं म्हणाल तर तुटक कुणी केलं ते बघा. सर्ब इतिहासकार म्हणत हे बाटलेले सर्ब, क्रोएट म्हणत बाटलेले क्रोएट. सरकारी खानेसुमारी तर बघवत नाही. 1948 ला ‘सर्ब-मुसलमान’, ‘क्रोएट-मुसलमान’ किंवा ‘अनिश्चित मुसलमान’ यातलं एक निवडायचं. 1953 ला ‘अनिश्चित युगोस्लाव्ह’. 1961 ला ‘वांशिक अर्थाने मुसलमान’. 1971 ला ‘राष्ट्रीयत्वाच्या अर्थाने मुसलमान’. 1993 च्या सप्टेंबरात, वेढा चालू असताना सारायेव्होतल्या सभेने ‘बोश्न्याक’ हे नाव परत घेतलं. तेवीस वर्षांत एकाच म्हाताऱ्याच्या नावापुढे चार वेगवेगळ्या नोंदी, आणि तो बिचारा त्याच घरात, त्याच उंबऱ्यात बसलेला. त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं की बाबा, तू तोच आहेस. इमामोविचांनी ते सांगितलं.

काळाकोट

दोघांच्याही मांडणीत एक गृहीतक आहे जे मला मान्य नाही: कायद्याचा इतिहास तटस्थ आणि राष्ट्राचा इतिहास पक्षपाती.

पहिलं पुस्तक 1976 चं. त्याआधी 1968 मध्ये बोस्नियातल्या साम्यवादी पक्षाने मुसलमानांना राष्ट्र म्हणून मान्यता दिली होती आणि 1974 मध्ये नवी युगोस्लाव्ह घटना आली होती, घटक प्रजासत्ताकांना मोठे अधिकार देणारी. अशा वेळी ‘बोस्नियाला स्वतःचा कायदेशीर दर्जा होता, ती ना ऑस्ट्रियाची ना हंगेरीची’ हे कागदोपत्री दाखवणं म्हणजे राजकारणच. चुकीचं म्हणत नाही मी, पुरावे भक्कम आहेत. एवढंच म्हणतो की बोस्निया नावाचं काहीतरी सलग आहे हाच त्यांचा पक्ष दोन्ही पुस्तकांत आहे. 1976 ला ते कलमांच्या भाषेत बोलले, युद्धानंतर लोकांच्या भाषेत.

शिवाय दूरदेशी, तुम्ही 1882 चा एकजुटीचा प्रसंग निवडलात. 1910 ची राज्यघटना का नाही घेतलीत? बोस्नियाची पहिली निवडून आलेली सभा, 92 सभासद, त्यातले 20 पदसिद्ध. निवडून यायच्या 72 जागांची वाटणी धर्मानुसार: ऑर्थोडॉक्स 31, मुसलमान 24, कॅथलिक 16, यहुदी 1. आपल्याकडे 1909 च्या सुधारणांनी विभक्त मतदारसंघ आले त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. आणि अधिकार किती, तर कायद्याचा मसुदा सभेपुढे येण्याआधी व्हिएन्ना आणि बुडापेस्ट दोन्ही सरकारांची संमती लागायची. सत्ता बाहेर आणि भांडायला आत धर्माच्या रांगा. राष्ट्रं काही फक्त इतिहासकारांनी घडवली नाहीत, हा मतदारयादीचा रकानाही त्यात आहे. त्यामुळे राष्ट्राचं पुस्तक कायद्याच्या पुस्तकातूनच निघतं, वेगळं काढता येत नाही.

कोकणकडा

तिघंही छान लिहिताय, पण जमिनीवर कुणी उतरेना.

‘बोश्न्याकांचा इतिहास’ म्हणा की ‘कायद्याचा इतिहास’, त्या देशातला सगळ्यात मोठा कज्जा कुळांचा होता. त्यांच्याकडे कुळाला ‘क्मेत’ म्हणतात. आधी पिकाचा दहावा हिस्सा सरकारचा, मग उरलेल्यातला साधारण तिसरा जमीनमालक आगाचा. खोतांचं कोकण पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हे वाटे ठरवणारं 1859 चं उस्मानी फर्मान ऑस्ट्रियाने तसंच चालू ठेवलं, फक्त सरकारचा दहावा हिस्सा रोखीत मागायला लागले. 1910 च्या गणनेत सुमारे 80 हजार कूळ-कुटुंबं होती. त्यात जवळपास 74 टक्के ऑर्थोडॉक्स, 21 टक्के कॅथलिक आणि पाच टक्क्यांहून कमी मुसलमान. कुळं असलेल्या जमीनमालकांत 91 टक्के मुसलमान. हे आकडे बाजूला ठेवून एका समाजाचा सलग इतिहास सांगितला की तो समाज फक्त सोसणारा दिसतो. माझी हरकत राष्ट्राच्या पुस्तकाला आहेच, पण कायद्याच्या पुस्तकालाही आहे. सार्वभौम कोण, सुलतान की सम्राट, याने कुळाच्या कणगीत एक पायली तरी वाढली का?

शब्दवेडी

कोकणकडा, आकडे बरोबर आहेत, पण अर्धे आहेत. त्याच 1910 च्या गणनेत स्वतःची जमीन कसणाऱ्या स्वतंत्र शेतकऱ्यांत निम्म्याहून जास्त मुसलमान होते. म्हणजे बहुसंख्य बोश्न्याक ना आगा ना बेग, दोन-चार बिघे कसून खाणारी साधी माणसं. ‘मुसलमान म्हणजे जमीनदार’ हे समीकरण पुढे या साध्या माणसांच्या घरांवर चालून जायला वापरलं गेलं. 1918 नंतर पूर्व हर्झेगोविनात काय झालं ते वाचा. तेव्हा कुळांचा इतिहास जरूर लिहा, पण तो लिहिताना कुणाच्या हातात काय देतोय हेही पाहा.

आणि दूरदेशींच्या ‘वंशसंहार’ या आक्षेपावर. त्यांनी तो आढावा 1991 मध्ये लिहिला, युद्धाच्या आदल्या वर्षी. 1995 च्या जुलैत स्रेब्रेनित्सात आठ हजारांवर बोश्न्याक पुरुष आणि मुलगे मारले. हेगच्या न्यायाधिकरणाने 2001 मध्ये त्याला वंशसंहार ठरवलं आणि 2004 मध्ये अपिलातही ते कायम राहिलं. ज्या माणसाला आधी भीती वाटली त्याला आज व्याख्या शिकवायची?

दूरदेशी

शब्दवेडी, तुमचा हा परिच्छेद वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही. त्यांची भीती खरी ठरली, यावर वाद नाही. हस्तलिखितांबद्दलचं तुमचं म्हणणंही मान्य, ‘लेखणी हाती दिली’ हे शब्द मी मागे घेतो. त्या पुस्तकाकडे मी ते लिहिणाऱ्याच्या टेबलावरून पाहिलंच नव्हतं.

पण व्याख्येवर ठाम आहे, आणि कारण तेच निकाल आहेत. 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने स्रेब्रेनित्सातला वंशसंहार मान्य केला. बोस्नियात इतरत्र सामूहिक हत्या झाल्या हे मान्य करूनही, नष्ट करण्याचा विशिष्ट हेतू तिथे सिद्ध झाला नाही म्हणून तो शब्द लावला नाही. अशाच हत्या झालेल्या प्रियेदोरच्या लोकांना हे किती लागलं असेल, कल्पना करवत नाही. तरी स्रेब्रेनित्सा नाकारणाऱ्यांसमोर आज जो कागद टिकतो, तो अशा चिमट्यात धरलेल्या पुराव्यामुळेच टिकतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस हंगेरी आणि स्लावोनियातून मुसलमानांना हाकललं, तीही भयंकर गोष्ट होती. तिला तिच्या नावाने हाक मारा. सगळ्याला एकच शब्द लावला की नाकारणाऱ्याला पळवाट मिळते: ‘हे तर प्रत्येकच गोष्टीला वंशसंहार म्हणतात.’

काळाकोट, 1910 ची घटना मी टाळली हे खरं. एकजुटीचा प्रसंग सांगायला बरा वाटतो, म्हणून.

काळाकोट

मग तिथूनच पुढे जाऊ, कारण माझ्या मते त्यांचं काम आज कुठे लागतं ते तिथे दिसतं.

1910 च्या त्या सभेत यहुद्यांची एक निवडून द्यायची जागा होती. धर्माच्या रांगा लावणारी साम्राज्यवादी घटना, तरी त्यात यहुद्याला उभं राहायला एक खुर्ची होती. आता युद्ध थांबवणारा 1995 चा डेटन करार घ्या. त्याचं चौथं परिशिष्ट म्हणजे बोस्नियाची आजची घटना. अध्यक्षमंडळ तिघांचं: एक बोश्न्याक, एक क्रोएट, एक सर्ब. बाकी सगळे ‘इतर’, आणि इतरांना उमेदवारी नाही. याकोब फिन्सी हे यहुदी आणि देर्वो सेयदिच हे रोमा, दोघेही आपल्या देशाविरुद्ध स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेले आणि 22 डिसेंबर 2009 ला जिंकले. घटनेतली ती तरतूद त्यानंतरही जागची हललेली नाही.

कोकणकडा विचारतात, सार्वभौम कोण याने कुळाला काय फरक पडला. कुळाचं मला सांगता येणार नाही. फिन्सींना विचारलं तर ते नक्की सांगतील की घटनेतल्या एका शब्दाने काय फरक पडतो. आणि 1910 चं ते कोष्टक आजच्या कोष्टकाशेजारी ठेवून बघायचं असेल तर हाताशी लागतं ते इमामोविचांचं कायद्याचंच पुस्तक. इतका वेळ मी दोन्ही एकच म्हणत होतो. या एका बाबतीत दूरदेशींच्या बाजूला येतो.

कोकणकडा

काळाकोट, मुद्दा पोचला. तरी 1911 चा कूळमुक्तीचा कायदा राहिलाच. दोघांची मर्जी असेल तर कुळाने पैसे मोजून जमीन सोडवून घ्यायची, असा ऐच्छिक. ज्याच्या घरात रोकड नाही त्याने काय सोडवायचं? हाही त्याच सभेचा कायदा, त्याच 92 जणांचा. त्या दिवशी सभेत कोण कुणाच्या बाजूने उभं राहिलं, धर्म बघून की सातबारा बघून, हे त्या पुस्तकात असेल तर दूरदेशींनी इथे लिहावं. मी वाट बघतो.

दूरदेशी

पुस्तक गावी ट्रंकेत आहे. रविवारी काढतो.