आयफोन घेऊ का थांबू? सांगा की ओ

ग्रुप: सोसायटी, सोलापूर (ए, बी, सी विंग)

शुक्रवार

ए-२०२ वहिनी, रात्री ९:१२
नमस्कार. थोडं वेगळं विचारायचंय, सेक्रेटरी साहेब रागवू नका. माझा फोन आता अगदीच थकलाय. सकाळी सहाला शंभर टक्के असतो, अकराला ऑर्डरच्या भाकऱ्या उतरेपर्यंत वीसवर. पाच वर्षं झाली, अपडेट यायचंही बंद झालं. पोरगा पुण्याहून रोज सांगतोय, आई, अँड्रॉइड सोड, आयफोन घे. आणि लगेच म्हणतो, पण आत्ता नको, सप्टेंबरला नवा येतो, तोवर थांब. म्हणजे घेऊ पण नको आणि सोडू पण नको. ज्यांनी इकडून तिकडं उडी मारलीय त्यांनी खरं खरं सांगा.

सेक्रेटरी, ९:१५
हा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि मेंटेनन्ससाठी आहे. थोडक्यात उरका. पाणी उद्या पहाटे साडेपाचला. टाकी बघूनच मोटर लावा.

सी-३०४ इंजिनियर, ९:१६
वहिनी डोळे झाकून आयफोन. परत विचार करायचा नाही.

बी-१०१ अण्णा, ९:१८
डोळे झाकून घ्यायला ती काय शेंगा चटणी हाय का बे? पाऊण लाखाची गोष्ट चाललीय.

बी-४०२ काका, ९:३१
मी उडी मारलेला माणूस. चौदा वर्षं अँड्रॉइड वापरलं, डिसेंबरात आयफोन १७ घेतला. ८२,९०० ला. दुकानात सगळं गोड वाटतं. घरी आल्यावर हौसेनं फोन चालू केला, भाषा, वायफाय, अंगठ्याऐवजी चेहरा, सगळं लावून झालं. मग व्हॉट्सॲप उघडलं तर आत काहीच नाही. गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनला चालत नाही. जुन्या फोनमध्ये 'मूव्ह टू आयओएस' नावाचं ॲप टाकायचं, दोन्ही फोन एका वायफायवर, दोन्ही चार्जिंगला, आणि मुख्य म्हणजे नवा फोन कोरा पाहिजे. माझा कोरा राहिला नव्हता. परत सगळं पुसलं, पहिल्यापासून केलं. रात्री दोनला झोपलो.

बी-४०२ काका, ९:३६
दुसरं जास्त महत्त्वाचं. फोन बदलला की यूपीआय नव्यानं जोडावं लागतं. त्यानंतर आमच्या बँकेनं आयफोनवर तीन दिवस पाच हजारांच्या वर पैसे जाऊ दिले नाहीत. अँड्रॉइडला एकच दिवस असतो म्हणे. आणि मी फोन घेतला कधी, तर पोरीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. मंडपवाला समोर उभा, आचारी समोर उभा, आणि मी ८२,९०० चा फोन हातात धरून जावयाकडून पैसे उसने मागतोय. अजून लग्न व्हायचंय ओ त्या जावयाचं.

बी-१०१ अण्णा, ९:३७
😂😂 म्हणूनच तो जावई त्या दिवशी एवढ्या रुबाबात फिरत होता होय.

बी-४०२ काका, ९:४०
हसा. पण खोटं बोलणार नाही, ते तीन दिवस गेल्यावर एक दिवस त्रास नाही. यंदा सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांचा व्हिडिओ काढला, गर्दीत धक्के बसत होते तरी सातही काठ्या स्थिर दिसतात. अमेरिकेतल्या भावाला पाठवला, तो रडला.

ए-४०३ (मोबाईल दुकान, नवी पेठ), ९:४८
मी दुकानदार आहे, दोन्ही विकतो, तेव्हा माझ्या बोलण्यातलं मीठ तुमचं तुम्ही काढा. वहिनी, 'थांबू का' याचं उत्तर आधी देतो. बहुतेक दरवर्षी सप्टेंबरला नवा आयफोन येतो आणि कंपनी मागच्याची किंमत उतरवते. १६ हा ७९,९०० ला आला होता, १७ आल्यावर ६९,९०० झाला. म्हणजे थांबणाऱ्याला दहा हजार सुटले. हे झालं गेल्या वर्षीचं. या वर्षी मी कुणाला थांबा म्हणत नाही.

सी-३०४ इंजिनियर, ९:४९
का? सप्टेंबरला घडीचा आयफोन येणार अशी चर्चा आहे.

ए-४०३ (मोबाईल दुकान, नवी पेठ), ९:५६
घडी घालायला वहिनींकडं भाकरी आहे. मुद्दा मेमरीचा आहे. फोनमधली रॅम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना वाटेल तेवढी मेमरी लागतेय, तिकडं भाव चांगला, म्हणून माल तिकडं वळला. गेल्या वर्षाच्या शेवटापासून फोनला लागणारी मेमरी महागलीय. सगळ्यात जास्त मार पंधरा-वीस हजारांच्या फोनला, कारण त्यात नफाच मुळात कमी. त्यामुळं 'थांबलं की स्वस्त होतं' हा हिशोब यंदा उलटा बसू शकतो.

ए-३०१ सीए, ९:५९
आणि जीएसटी कमी होईल म्हणूनही कुणी थांबू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले, लोकांना वाटलं मोबाईलही उतरले. मोबाईल आधीपासूनच १८ वर होता, तिथंच आहे. वहिनी, तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन आहे का? नसेल तर पुढचं बोलत नाही.

ए-२०२ वहिनी, १०:००
साहेब, भाकरीला कसलं रजिस्ट्रेशन. पुढचं बोलू नका.

बी-१०१ अण्णा, १०:०७
थांबण्यावर मी बोलतो, कारण या ग्रुपमध्ये माझ्याएवढं कुणी थांबलेलं नाही. मी विंडोज फोन घेतला होता. फोन काय सुंदर होता, अजून कपाटात आहे. फक्त ॲप नव्हते. भाचा म्हणायचा मामा येतील, पुढच्या अपडेटला येतील. ॲप तर आले नाहीत, ३१ डिसेंबर २०१९ ला होतं ते व्हॉट्सॲप पण गेलं. १ जानेवारीला सगळ्यांचे हॅपी न्यू इयर कुठं गेले कुणास ठाऊक, मला वाटलं लोक रुसले.

सी-१०२ काकू, १०:१२
मला एक सांगा, आयफोन तापतो का? माझ्या भाचीचा मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत होता. सात रस्ता चौकातून घरी येईपर्यंत स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र, आणि फोन म्हणतोय मला आधी गार होऊ द्या.

सी-३०४ इंजिनियर, १०:१४
काकू तो फोनचा दोष नाही. ॲपलनं स्वतःच लिहिलंय, ० ते ३५ अंश हवेत वापरा.

बी-१०१ अण्णा, १०:१५
३५? मग सोलापुरात त्यानं मार्च ते जून रजेवर जायचं का?

ए-४०३ (मोबाईल दुकान, नवी पेठ), १०:१७
उन्हात बंद डिकीत कुठलाही फोन तापणार, अँड्रॉइड काय बर्फाचा नसतो. पण वहिनी, तुमचा फोन गॅसच्या शेजारी ओट्यावर असतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. बॅटरी पाच वर्षांत गेली त्यात फोनचा निम्माच गुन्हा. नवा कुठलाही घ्या, त्याची जागा बदला.

सी-३०४ इंजिनियर, १०:२१
मी एकच सांगतो. आयफोन टिकतो. आयफोनचं सॉफ्टवेअर आयओएस २६ आलं तेव्हा २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर त्यातून गळले, २०१९ चा ११ अजून त्यात आहे. कुठला अँड्रॉइड एवढा चालतो?

ए-४०३ (मोबाईल दुकान, नवी पेठ), १०:२५
हे तुझं चार वर्षांपूर्वी बरोबर होतं दादा. आता पिक्सेल ८ पासून गुगल आणि एस२४ पासून सॅमसंग सात वर्षं अपडेट देतायत. सॅमसंगच्या ए मालिकेत सुद्धा, ए३६, ए५६ ला, सहा वर्षं आहेत. टिकण्यासाठीच आयफोन घ्यायचा, हे कारण आता पुरत नाही. दुसरं कारण असेल तर जरूर घ्या.

ए-२०२ वहिनी, १०:३८
दादा, तुम्ही सगळे किंमत आणि वर्षं सांगताय. माझं काम सांगते, मग सांगा. सकाळी सहा ते अकरा माझे दोन्ही हात पिठात असतात. फोन वाजला की कोपरानं उचलते, स्पीकरवर टाकते. गिऱ्हाईक बोलतं, 'वहिनी, पन्नास कडक, अर्धा किलो चटणी, लसूण कमी, रविवारी हुतात्मा एक्सप्रेसला पुण्याला द्यायचंय.' मी हो म्हणते आणि विसरते. विसरायचं कारण म्हणजे फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. बारा वाजता हात धुऊन सगळे ऐकते आणि वहीत उतरवते. माझी वही म्हणजे ते रेकॉर्डिंग. आणि सिम दोन आहेत, एक घरचं, एक ऑर्डरचं. हे आयफोनमध्ये होतं का, एवढंच सांगा.

बी-४०२ काका, १०:४१
अरे हे आधी सांगायचं की. रेकॉर्डिंग आहे, पण आपोआप होत नाही. दरवेळी बटण दाबावं लागतं.

ए-४०३ (मोबाईल दुकान, नवी पेठ), १०:४४
आणि दाबलं की फोन दोन्हीकडं आवाज देऊन सांगतो की कॉल रेकॉर्ड होतोय. अँड्रॉइडमध्ये सुद्धा ज्या फोनला गुगलचा डायलर, म्हणजे कॉल लावायचं ॲप, असतो तो बहुतेक असंच बोलतो. सॅमसंगचा स्वतःचा डायलर आपोआप करतो, बोलत नाही. सिमचं म्हणाल तर भारतातल्या आयफोन १७ मध्ये एकच सिम आत बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच भरलेलं सिम, करावं लागतं. चालतं उत्तम. फक्त फोन बिघडला तर सिम काढून सासूबाईंच्या फोनमध्ये टाकलं, असं ई-सिमचं होत नाही.

सी-३०४ इंजिनियर, १०:४६
समोरच्याला न सांगता रेकॉर्ड करणं तसं बरोबर नाही ना पण?

ए-२०२ वहिनी, १०:४८
बाळा, 'लसूण कमी' यात काय गुपित आहे? पण तुझं खरंय. उद्यापासून मीच सांगत जाईन, 'बोला, लिहून घेतेय फोनमध्ये.'

बी-४०२ काका, १०:५०
वहिनी एक सुचवतो. उद्या सकाळी तुमचं ऑर्डरचं सिम तासभर माझ्या फोनमध्ये टाका. मी चहाला येतो.

सेक्रेटरी, १०:५१
पाणी साडेपाचला. तिसऱ्यांदा सांगत नाही.

शनिवार

सी-१०२ काकू, सकाळी ६:०५
बी विंगची टाकी वाहतेय!! कोण आहे मोटरवर?

बी-४०२ काका, ६:०९
माझी पाळी होती. सॉरी. वहिनींकडं सिम टाकत होतो.

सेक्रेटरी, ६:१०
🙏

ए-२०२ वहिनी, दुपारी १२:२०
ऐका आता. पहिला फोन आला सव्वासहाला. काका शेजारी चहा घेऊन बसलेले. मी परातीवर. काकांनी बटण दाबलं. मधेच एक बाई इंग्रजीत बोलली. तिकडं जुळे सोलापूरचे आजोबा, दर शनिवारी वीस भाकऱ्या नेतात, सात वर्षांचं गिऱ्हाईक. ते म्हणाले, 'कोण बोलतंय? मला ओटीपी आलेला नाही,' आणि फोन ठेवला. मी परत लावला, उचलेनात. शेवटी आजींच्या नंबरवर करून सांगितलं की आजोबा, मीच आहे, भाकरीवाली.

बी-१०१ अण्णा, १२:२२
आजोबा हुशार आहेत. असंच पाहिजे.

ए-२०२ वहिनी, १२:३१
दुसऱ्या फोनला बटण दाबायचं राहिलं, कारण काका बिस्कीट बुडवत होते. ती ऑर्डर आता आठवत नाही. कुणाला 'तीळ लावलेल्या तीस' सांगितल्या असतील तर इथंच लिहा. पण फोटो मात्र, काय सांगू. त्याच भाकरीचा, त्याच खिडकीत, दोन्ही फोननं काढला. काकांच्या फोटोत भाकरीवरचा एकेक फोड दिसतो, कडेचा करपलेला ठिपका सुद्धा. माझ्यात सगळी मैद्याची वाटते. पोरगा फोटोबद्दल बोलत होता ते खोटं नव्हतं.

ए-४०३ (मोबाईल दुकान, नवी पेठ), १२:३५
तुमचा पाच वर्षांपूर्वीचा आहे वहिनी. तुलना आजच्या अँड्रॉइडशी करा. दुकानात या, तांबड्या चटणीचा डबा घेऊन या, तिथं काढून बघू.

ए-२०२ वहिनी, १२:३६
डबा परत मिळणार का?

सोमवार

ए-२०२ वहिनी, संध्याकाळी ७:४४
घेतला. ए मालिकेतला सॅमसंग. आयफोनच्या निम्म्याच्याही आत बसला. थांबले नाही, कारण सप्टेंबरपर्यंत रोज अकराला फोन बंद पडून जेवढ्या ऑर्डरी जातील त्यात दहा हजारांची सूट कधीच फिटली असती. सॅमसंगच्या स्मार्ट स्विच ॲपनं एका तासात सगळं आलं, दोन्ही सिमं आत बसली, रेकॉर्डिंग चालू. व्हॉट्सॲप जुन्या फोनवर तसंच ठेवलं आधी, इकडं सगळं दिसल्यावरच तो पुसला. काका, तुमच्या रात्री दोनचा फायदा मला झाला. यूपीआय एक दिवस पाच हजारांवर अडकलंय, पण माझ्याकडं साखरपुडा नाही.

फोन आता फ्रिजवर असतो. कोपर पोचत नाही म्हणून जुना स्टूल काढलाय.

बी-४०२ काका, ७:४९
चांगलं केलंत. माझा आयफोन मला लखलाभ. पण वहिनी, त्या तीस तिळाच्या भाकऱ्या कुणाच्या होत्या ते कळलं का?

ए-२०२ वहिनी, ७:५१
कळलं. तुमच्या बायकोच्या.

सी-३०४ इंजिनियर, ७:५३
😂 आणि मुलगा काय म्हणाला?

ए-२०२ वहिनी, ७:५८
तो म्हणाला, बरं केलंस आई, पैसे वाचले. मग सप्टेंबरला माझ्यासाठी बघू.

बी-१०१ अण्णा, ८:०२
मला दहा कडक, पाव किलो चटणी, बुधवारी. हे लिहून पाठवतोय, रेकॉर्ड करायची गरज नाही.