मदत हवी आहे : संस्थेसाठी बाहेरचा सल्लागार कसा निवडावा?

नमस्कार मंडळी. आमची छोटी सेवाभावी संस्था आहे. पुढच्या ३ वर्षांचा आराखडा आणि निधी उभारणी यासाठी पहिल्यांदाच बाहेरचा सल्लागार नेमतोय. तीन प्रस्ताव आलेत आणि विश्वस्तांमध्ये तीन तट पडलेत!

पहिला प्रस्ताव ४० पानी, एकदम गुळगुळीत. पण बाराव्या पानावर दुसऱ्याच संस्थेचं नाव तसंच राहून गेलंय. दुसऱ्या बाईंनी प्रस्ताव लिहायच्या आधी आमच्या कार्यकर्त्यांशी बोलायला दोन तास मागितले. मला त्या पटल्या, अनुभव मात्र कमी. तिसरे म्हणतात, 'आत्ता काही देऊ नका, जमेल त्या देणगीतले १५ टक्के द्या.' खजिनदार खूश! पण असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या निधी उभारणी करणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाई आहे. शिवाय उद्या देणगीदाराला कळलं तर त्याला काय तोंड दाखवणार?

तुमच्यापैकी कुणी सल्लागार नेमलाय का? त्यांनी आधी काम केलेल्या संस्थांना फोन करून नेमकं काय विचारलंत? काम हातात येईल तसे टप्प्याटप्प्याने पैसे, असं करारात घातलंत का? आणि ते गेल्यावर आराखडा पुढे रेटला कुणी? आमचं घोडं खरं तर इथेच अडलंय.