सल्ला हवा : सिकलसेल स्मिअरचं मॉडेल बायोइमेज मॉडेल झूमध्ये द्यायचं आहे, सुरुवात कुठून करू?

लालपेशी_नागपूर

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात पीएच.डी. करून राहिले आहे. रक्ताच्या स्मिअरच्या (काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थराच्या) फोटोतून लाल पेशी एकेक सुट्या करणारं आणि त्यातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशी वेगळ्या दाखवणारं यू-नेट (फोटोचे भाग पाडणारं न्यूरल नेटवर्क) मॉडेल आमच्या लॅबमध्ये तयार झालंय. स्टेन लीशमन, १००एक्स ऑइल इमर्शन, ट्रेनिंग पायटॉर्चमध्ये. पेशींच्या कडा आम्हीच आखल्या आणि एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी त्या तपासून दिल्या.

हे मॉडेल बायोइमेज मॉडेल झूमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपच्या फोटोंसाठीची एआय मॉडेलं सगळ्यांना खुली ठेवणाऱ्या ऑनलाइन संग्रहात, द्यावं असं मनापासून वाटतं. नुसता कोड गिटहबवर टाकला तर तो चालवायला पुन्हा कोडिंग येणारा माणूस लागतो. झूमधलं मॉडेल फिजी, इलास्टिक अशा ओळखीच्या सॉफ्टवेअरमधून उघडता येतं. गडचिरोली-चंद्रपूरकडे कुणी विद्यार्थी मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून बसला असेल, तर त्याला ते थेट वापरता यावं. सिकलसेलचं विदर्भातलं प्रमाण इथे कुणाला सांगायला नको.

अडचणी अशा : वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) कोणत्या फॉरमॅटमध्ये द्यावेत? ट्रेनिंगचे फोटोही द्यावेच लागतात का? लायसन्स कोणतं घ्यावं? आणि गाइड म्हणतात, आधी पेपर येऊ दे, मग बघू. ज्यांनी असं काही दिलं आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

अंबाझरी_किनारा

ताई, आधी अभिनंदन. असं काम आपल्या भागातून जायलाच पाहिजे.

सुरुवात झूमधलं एखादं जुनं, नीट भरलेलं मॉडेल उघडून करा. तिथे प्रत्येक मॉडेलला प्राण्याचं टोपणनाव मिळतं. 'अफेबल शार्क' नावाचं एक आहे, पेशींची केंद्रकं आणि त्यांच्या कडा ओळखणारं, २०१८च्या डेटा सायन्स बाउलच्या फोटोंवर शिकवलेलं. त्याची आरडीएफ फाइल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. मॉडेलची सगळी ओळख याच वायएमएल फाइलमध्ये असते : नाव, लेखक, लायसन्स, इनपुट कसं, आउटपुट कसं, वेट्स कुठले. आपल्याकडे काय आहे आणि काय लिहायचं राहिलंय हे ती वाचताना लगेच ध्यानात येतं.

वेट्सचं म्हणाल तर स्टेट डिक्ट आणि टॉर्चस्क्रिप्ट हे दोन्ही फॉरमॅट द्या. पायटॉर्चची स्टेट डिक्ट (नुसते वेट्स) दिली की सोबत आर्किटेक्चरचा कोड द्यावा लागतो. टॉर्चस्क्रिप्टला तो लागत नाही, शिवाय फिजीतलं डीपइमेजजे हे प्लगइन ते चालवतं. एक्सपोर्टच्या आधी मॉडेल इव्हॅल मोडमध्ये (ट्रेनिंग नव्हे, नुसतं वापरण्याच्या अवस्थेत) टाका. ड्रॉपआउट आणि बॅचनॉर्म हे मॉडेलमधले थर ट्रेनिंगच्या अवस्थेत राहिले तर तोच फोटो दोनदा दिल्यावर दोन वेगळी उत्तरं येतात आणि पुढची तपासणी तिथेच अडते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र प्रीप्रोसेसिंगला, म्हणजे मॉडेलला देण्याआधी फोटोवर करायच्या प्रक्रियेला द्या, हे मी हात जोडून सांगतो. तुम्ही ट्रेनिंगच्या कोडमध्ये कुठेतरी सरासरी वजा करून स्टँडर्ड डेव्हिएशनने भागलं असणार. ते प्रत्येक फोटोचं स्वतःचं होतं, सगळ्या डेटाचं मिळून होतं, की इमेजनेट या फोटोंच्या मोठ्या संग्रहाचे ठरलेले आकडे होते? तिन्हीची उत्तरं वेगळी येतात. आरडीएफमध्ये हे स्पष्ट लिहायची सोय आहे. ते चुकलं तरी मॉडेल बंद पडत नाही, एरर येत नाही, फक्त मास्क (पेशींच्या आखलेल्या आकृत्या) वाईट येतात आणि वापरणारा समजतो की मॉडेलच कच्चं आहे. चांगली मॉडेलं अशी वाया जातात.

आणखी एक. तुमच्या यू-नेटमध्ये चार वेळा पूलिंग (फोटो दर वेळी निम्मा करणं) असेल तर फोटोची लांबी-रुंदी १६ने भाग जाणारी लागते. किमान आकार आणि पायरी (त्यापुढे आकार किती पिक्सेलच्या टप्प्यांनी वाढावा) असे दोन रकाने त्यासाठी आहेत, ते भरा. नाहीतर समोरचा १९२० बाय १०८०चा फोटो देईल. १९२०ला १६ने भाग जातो, १०८०ला जात नाही.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजीत आहे, कोडमधलं फारसं कळत नाही, पण हा धागा पाहून राहवलं नाही.

बेटा, मॉडेलच्या माहितीत पहिल्याच परिच्छेदात लिही की हे निदानाचं साधन नाही. कारण सांगते. एएस, म्हणजे वाहक माणसाचा साधा स्टेन केलेला स्मिअर बहुतेक वेळा अगदी नॉर्मल दिसतो. विळ्याच्या पेशी दिसतात त्या मुख्यतः एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलचा जनुक आलेल्या रुग्णात. उद्या कुणी शाळेत शिबिर घेतलं, स्मिअरचे फोटो काढले, तुझं मॉडेल चालवलं आणि 'विळ्याची पेशी नाही' आली म्हणून 'सिकल नाही' असं लिहून दिलं, तर वाहक मुलं सगळी सुटतील. सोल्युबिलिटी टेस्ट आणि त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, या रक्ताच्या तपासण्यांना पर्याय नाही. मेटाबायसल्फाइट घालून करतात ती सिकलिंगची ओली तयारी तर दिसायलाच वेगळी, तिच्यात स्टेन नसतो. त्या फोटोंवर हे मॉडेल चालवू नये, हेही लिही.

दुसरं, एसएस रुग्णातही विळ्याच्या पेशी किती दिसतील याचा नेम नाही. नुकतंच रक्त चढवलं असेल, हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर कमी दिसतात. आपल्याकडे अरब-इंडियन हॅप्लोटाइपच्या (जनुकाच्या प्रकाराच्या) रुग्णांत एचबीएफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, बरेचदा जास्त असतं, त्यानेही फरक पडतो. म्हणूनच इथल्या स्लाइडवर शिकलेलं मॉडेल मोलाचं आहे. पण रुग्णांचे उपचार ठाऊक असतील तर ते गटागटाने नोंदव, आणि ठाऊक नसेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असं सरळ लिही.

तिसरं, स्मिअरचा शेपटीकडचा भाग. तिथे ओढल्यामुळे पेशी लांबट होतात आणि सगळ्यांची टोकं एकाच दिशेला असतात. खऱ्या विळ्याच्या पेशी वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात. तुम्ही फोटो स्मिअरच्या कोणत्या भागातले घेतलेत? पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात त्या पट्ट्यातलेच असतील तर ते लिहायलाच हवं, म्हणजे वापरणारा तिथलेच फोटो घेईल.

लालपेशी_नागपूर

मॅडम, मनापासून आभार. फोटो त्याच पट्ट्यातले आहेत. वाहकांच्या स्लाइड आमच्या डेटात जवळपास नाहीतच, तेही आता लिहिते.

अंबाझरीदादा, नॉर्मलायझेशन प्रत्येक फोटोचं स्वतःचं होतं. आता प्रश्न पिक्सेलच्या मापाचा. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशन कुणी केलेलंच नव्हतं. ते खरंच एवढं लागतं का?

अंबाझरी_किनारा

लागतं, आणि तुमच्या कामात तर फारच. हिशेब करून बघा. समजा कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा आहे, ऑब्जेक्टिव्ह १००एक्स आणि कॅमेऱ्याखालचा अॅडॉप्टर ०.५एक्स. एकूण मोठेपणा ५० पट, म्हणजे फोटोतला एक पिक्सेल ०.०६९ मायक्रॉन. ७.५ मायक्रॉनची लाल पेशी साधारण १०९ पिक्सेल रुंद दिसेल. दुसऱ्या गावातल्या लॅबमध्ये तोच कॅमेरा, तोच ऑब्जेक्टिव्ह, पण अॅडॉप्टर १एक्सचा. तीच पेशी आता २१७ पिक्सेल. तुमच्या मॉडेलने एवढी मोठी लाल पेशी कधी पाहिलेलीच नाही.

आरडीएफच्या ०.५ आवृत्तीत प्रत्येक अक्षाला माप आणि एकक देता येतं. ते भरलं की वापरणाऱ्याला आपला फोटो किती लहान-मोठा करून द्यायचा ते कळतं. स्टेज मायक्रोमीटरची स्लाइड कुठल्याही जुन्या कॉलेजच्या कपाटात सापडेल. एक मिलिमीटरचे शंभर भाग, एक भाग दहा मायक्रॉनचा. तिचा एक फोटो काढा, फिजीत सरळ रेघ ओढून सेट स्केल करा, झालं. कॅमेरा आणि अॅडॉप्टर तेच असतील तर आधी काढलेल्या फोटोंनाही हे माप लागू पडतं.

आणि हो, ट्रेनिंग-टेस्टची विभागणी रुग्णानुसार केली होती की फोटोनुसार? एकाच रुग्णाचे फोटो दोन्हीकडे असतील तर आकडे फुगतात.

लालपेशी_नागपूर

रुग्णानुसारच केली आहे दादा. मायक्रोमीटर उद्याच शोधते.

वर्धारोड_४४

परवानगीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. एथिक्स कमिटीच्या कामाशी माझा संबंध येतो.

'संशोधनासाठी वापर' आणि 'जगाला खुलं करणं' या दोन वेगळ्या परवानग्या समजा. तुमच्या मूळ प्रोटोकॉलमध्ये डेटा सार्वजनिक करण्याचा उल्लेख आहे का ते काढून बघा. नसेल तर कमिटीकडे सुधारणेचा अर्ज करा. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत ओळख पुसलेल्या, उरलेल्या नमुन्यांसाठी संमतीतून सूट मागायची सोय आहे, पण ती सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, गाइड किंवा विद्यार्थी नाही. डीबीटीचा (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा) निधी असेल तर डेटा खुला करण्याबद्दलची २०२१ची बायोटेक-प्राइड तत्त्वंही वाचून घ्या.

ओळख पुसणं म्हणजे फक्त नाव काढणं नव्हे. फाइलच्या नावात ओपीडी नंबर असतो. टिफच्या आतल्या माहितीत तारीख-वेळ असते. आणि आपल्या भागात सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे गाव आणि जमात. पंचवीस-तीस घरांच्या पाड्याचं नाव, सोबत वय आणि 'एसएस' लिहिलं की गावातल्या माणसाला मूल कुणाचं ते लगेच कळतं. सिकलसेलवरून लग्नं मोडतात हे आपण सगळे जाणतो. जिल्ह्याच्या खाली जाऊ नका, वयाचे गट करा.

लायसन्स : मॉडेलला सीसी-बाय ४.० किंवा एमआयटी हे खुलं लायसन्स घ्या. पण ट्रेनिंगमध्ये बाहेरचा एखादा डेटा मिसळला असेल तर त्याचं लायसन्स आधी बघा. त्यावर 'व्यावसायिक वापर नाही' अशी अट असेल तर तुम्ही मॉडेल खुशाल खुलं करू शकत नाही, त्या डेटाच्या मालकांना विचारा.

लालपेशी_नागपूर

फाइलच्या नावांत नंबर आहेत, ते बदलते. बाहेरचा डेटा नाही. कमिटीकडून ट्रेनिंगचे सगळे फोटो देण्याची परवानगी मिळायला वेळ लागेल असं दिसतं. तोवर मॉडेल अडकून राहणार का?

अंबाझरी_किनारा

नाही. ट्रेनिंगचा डेटा कोणता, हे सांगणं अपेक्षित आहे, तो सगळा उघडा असणं सक्तीचं नाही. सक्तीचं आहे ते टेस्ट इनपुट आणि टेस्ट आउटपुट. एक फोटो नम्पायच्या एनपीवाय फाइलमध्ये, आणि त्याच फोटोवर तुमच्या मॉडेलने दिलेलं उत्तर दुसऱ्या एनपीवाय फाइलमध्ये. मॉडेल पोचलं की झूची यंत्रणा ते स्वतः चालवते आणि आलेलं उत्तर तुमच्या उत्तराशी जुळवून बघते. ही तपासणी आधी घरीच करता येते, बायोइमेजआयओ-कोर नावाचं पायथन पॅकेज आहे. हे जुळलं की निदान एवढी खात्री की दुसऱ्याच्या मशीनवर मॉडेल तेच उत्तर देतं.

त्या एका फोटोसाठी आणि कव्हरच्या चित्रासाठी मात्र परवानगी आधी लागेल. कमिटीला तेवढ्यापुरता वेगळा अर्ज करता येतो का ते विचारा. काचपट्टी मॅडमसारख्या कुणी स्वतःच्या रक्ताचा स्मिअर संमतीने दिला तर मॉडेल चालतं एवढं दाखवता येईल, पण विळ्याची पेशी त्यात असणार नाही. शक्यतो एसएसचाच फोटो मिळवा.

पांढरं_सोनं

मध्येच विचारतो, माफ करा. मी कापसावर काम करतो. तंतूंच्या आडव्या छेदाचे मायक्रोस्कोपचे फोटो आहेत आणि प्रत्येक तंतूची कड हाताने आखलेली आहे. मॉडेल काही नाही. असं नुसतं देता येतं का, की त्याला किंमत नसते?

अंबाझरी_किनारा

भाऊ, देता येतं आणि किंमत भरपूर असते. झूमध्ये मॉडेलांसोबत डेटासेट, नोटबुक, अॅप्लिकेशन यांच्याही नोंदी असतात. फोटो आणि मास्क झेनोडोवर (संशोधनाच्या फायली ठेवायच्या खुल्या साइटवर) ठेवा, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत मावतं, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो. २०२१मध्ये आलेली रेम्बी नावाची मार्गदर्शिका आहे, बायोइमेजसोबत कोणती माहिती लिहायची ते सांगणारी. तिच्याप्रमाणे वाण, छेद घेण्याची पद्धत, मायक्रोस्कोप, पिक्सेलचं माप लिहा. कडा कुणी आखल्या, दोघांनी आखल्या असतील तर त्यांच्यात किती फरक पडला, हेही द्या. कापसाच्या तंतूंवर स्टारडिस्ट किंवा सेलपोज ही पेशी सुट्या करणारी मॉडेलं शिकवून बघणारा कुणीतरी पुढे येईल, त्याला सगळ्यात आधी हेच लागणार आहे.

काचपट्टी

गाइडच्या म्हणण्याबद्दल. पेपर आधी हवा ही त्यांची काळजी रास्त आहे, विद्यार्थिनीचं काम दुसऱ्याने उचलू नये असंच त्यांना वाटत असणार. त्यांच्याशी वाद घालू नकोस, झेनोडोचा डीओआय दाखव. नोंद प्रसिद्ध करायच्या आधीच डीओआय राखून ठेवता येतो आणि फायलींवर ठरावीक तारखेपर्यंत बंदी घालता येते, असं आमच्याकडच्या एका मुलीने करून दाखवलं होतं. पेपर पाठवताना तोच नंबर पेपरात लिहिता येतो.

लालपेशी_नागपूर

आज गाइड मॅडमशी बोलले. डीओआय राखून ठेवायला त्या तयार आहेत. पेपर पाठवला की त्याच आठवड्यात मॉडेल झूमध्ये पाठवायचं, असं ठरलं. कमिटीला टेस्ट फोटोसाठी वेगळं पत्र देत आहोत, त्यात वर्धारोड सरांनी सांगितलेला गावाचा मुद्दा घातला आहे.

एक शेवटचं. लेखकांच्या यादीत कडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम आणि स्मिअर करणारे टेक्निशियन काका यांची नावं घालता येतात का? पेपरात काकांचं नाव आभारात जातं.

अंबाझरी_किनारा

लेखकांच्या रकान्यात घाला, तिथे नावांच्या संख्येवर बंधन नाही. काकांना आधी विचारून घ्या, आणि नाव, संस्था जशी ते सांगतील तशी लिहा. पुढे मॉडेलबद्दल प्रश्न आले तर उत्तर देणारा माणूस म्हणून मेंटेनरचा वेगळा रकाना आहे, तिथे तुमचं नाव ठेवा. पीएच.डी. संपून तुम्ही लॅब सोडाल तेव्हा तो रकाना बदलायला विसरू नका, लॅबमधल्या पुढच्या कुणाचं तरी नाव तिथे असू द्या.