आई-बाबांच्या लग्नाची पन्नाशी: तारकर्लीत जेवायला रिसॉर्ट की सांगून केलेलं घरचं?

पेजपापड

मे महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. आम्ही तीन भावंडं, पोरंबाळं धरून ११ जण, तारकर्लीला तीन रात्री जाणार आहोत. राहण्याचं ठरलं, गाड्या ठरल्या, पण ‘त्या’ एका जेवणावरून घरात आठ दिवस महाभारत चाललंय. तारीख यंदा सोमवारी येते आणि आई सोमवारी मासे खात नाही, म्हणून जेवण रविवारी. एवढंच एकमताने ठरलंय.

धाकट्या भावाने समुद्राला लागून असलेलं एका रिसॉर्टचं रेस्टॉरंट पसंत केलंय. वाळूत टेबलं, वर दिव्यांच्या माळा, बुफे, केक त्यांचाच. माझं मत बरोबर उलट आहे, ते इथे ठासून मांडतो. खोडून काढा.

कोकणात खास जेवण म्हणजे सांगून केलेलं जेवण. माणसं किती ते आदल्या दिवशी कळवायचं, बाजारात काय आलंय ते विचारायचं आणि घरगुती खानावळीत किंवा होमस्टेत दुपारी पानावर बसायचं. वडा कढईतून थेट ताटात यायला हवा. बुफेच्या झाकणाखाली दहा मिनिटं राहिला की त्याचं चामडं होतं. तळलेल्या तुकडीचंही तेच. बुफेत टिकणारा पदार्थ एकच, जिरा राइस, आणि त्यासाठी डोंबिवलीहून इतक्या लांब यायची गरज नाही.

अनुभवही सांगतो. दोन वर्षांपूर्वी किनारपट्टीवरच्या अशाच एका ‘सी व्ह्यू’ ठिकाणी (नाव नको) वेटरने ताटलीत पापलेट आणून दाखवलं. ताजं, चांदीसारखं. आम्ही हो म्हटलं. पाऊण तासाने जे ताटात आलं त्याची त्या पापलेटाशी तोंडओळखही नसावी. वर रव्याची चिलखतासारखी पुटं, आत कापूस. मेनूवर किमतीच्या जागी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं. बिल आल्यावर साइज कळली.

कराडचे_जावईबापू

तुमचं मासळीवरचं प्रेम पोचलं. आता जरा माणसांकडे बघा. आई-बाबांची वयं लिहिली नाहीत, पण लग्नाला ५० म्हणजे दोघंही सत्तरीत. मे महिन्यात दुपारी दीड वाजता मालवणातल्या गाजलेल्या खानावळीत उभे राहून बघितलंय कधी? बाहेर पंचवीस माणसं यादीत. आत बसलात की प्रत्येक खुर्चीच्या मागे एक माणूस तुमचा शेवटचा घास मोजत उभा. तुम्ही सोलकढीची वाटी तोंडाला लावली की त्याची बायको पर्स सावरते. अशा ठिकाणी ५० वर्षांच्या संसाराबद्दल चार शब्द कोण बोलणार? पोरीने आजोबांसाठी काही लिहून आणलं असेल तर ते कुठे वाचणार?

आणि न्हाणीघर. यावर कुणी लिहीत नाही. माझ्या सासऱ्यांचे गुडघे गेलेत. दोन वर्षांपूर्वी एका घरगुती ठिकाणी जेवण अप्रतिम होतं, पण संडास मागच्या अंगणात, तीन पायऱ्या उतरून, आणि तोही उकिडवं बसायचा. सासरे पाणी प्यायले नाहीत, जेवणही अर्धंच. मासे ताजे होते हो, त्यांचा काय दोष.

रिसॉर्टमध्ये दोन तास कुणी उठवत नाही. खास जेवणाला आधी बसायला जागा लागते, चवीचं नंतर बघता येतं.

पेजपापड

खुर्चीमागच्या माणसाचं पटलं, हसलोही. पण मी बाजारातल्या गर्दीच्या खानावळीबद्दल बोलतच नाहीये. सांगून केलेलं म्हणजे त्या वेळी ती जागा आपलीच. न्हाणीघराचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यात आला नव्हता, हे कबूल. बाबा ७६, काठी घेतात.

मालवणी_खाजा

अवो, तुमका जेवक व्हया काय फोटो काढूक व्हये? दर्यो खय पळान जातलो? सकाळी बघा, सांजचो बघा, पन जेवताना तोंड ताटाकडे ठेवा. त्या मेणबत्तीच्या काळोखात काटो घशात अडाकलो तर दर्यो काढूक येवचो नाय.

शाकाहारी_पण_कोकणी

धागा उघडला आणि नेहमीप्रमाणे मासे, मासे, मासे. ११ जणांत शाकाहारी किती, हे दोन्ही बाजूंपैकी कुणी विचारलं का?

आमच्याकडे मी आणि सासूबाई. प्रत्येक सहलीत आमच्यासाठी ठरलेलं उत्तर: “व्हेज थाळी आहे ना!” ती येते तेव्हा तिच्यात पनीर. मालवणात पनीर! मे महिन्यात इथे काय काय असतं माहितीये? कोवळ्या फणसाची भाजी, रायवळ आंब्याचं सासव, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. नशीब असेल तर ओल्या काजूची उसळ, पण ती खरं तर मार्च-एप्रिलची, मेमध्ये हातावर मोजण्याइतकी. गोडात खापरोळी, नाहीतर नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या. शिरवाळ्यांची उकड साच्यातून दाबायला दोन माणसांचं बळ लागतं, म्हणून त्या हॉटेलात आयत्या मिळत नाहीत. सांगाव्या लागतात.

म्हणजे मत पेजपापडांच्या बाजूने, कारण मात्र वेगळं. सांगून केलेल्या जेवणात शाकाहाऱ्याचं पान भरतं. फक्त कढई आणि झारा वेगळा ठेवणार का, हे तोंडावर विचारा. लाजू नका. होय म्हणताना समोरचा जरा थांबला, तर उत्तर समजा.

पेजपापड

मेहुणे पूर्ण शाकाहारी आहेत. जावईमाणूस, कधी तक्रार करत नाहीत. आता आठवतंय, गेल्या वेळी त्यांनी सगळ्या सहलीत दही-भात खाल्ला होता.

हर्णै_बंदर

एका गोष्टीवर साफ असहमत. ‘दुपारीच’ हे कुणी ठरवलं? आमच्या हर्णैला लिलाव संध्याकाळी असतो. मालवणच्या किनाऱ्यावरही संध्याकाळी होड्या येतात आणि वाळूतच बोली लागते. चार-साडेचारला जाऊन उभे राहा. स्वतः मासा घ्या, कल्ले उघडून बघा. लालभडक हवेत, तपकिरी झाले तर पुढे चला. बोटाने दाबलं की मांस परत वर यायला हवं. तो मासा सहा वाजता स्वयंपाकघरात आणि साडेआठला ताटात. यापेक्षा ताजं तुम्हाला दुपारी काय मिळणार? दुपारच्या थाळीत बहुधा आदल्या संध्याकाळची खरेदी, बर्फात रात्र काढलेली.

शिवाय मे महिन्याची दुपार. घामाच्या धारा लागलेल्या असताना तांबडा रस्सा कुणाच्या घशाखाली उतरणार? रात्रीच करा.

आणि मे म्हणजे नेमका कधी? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, पण वारं त्याआधीच फिरतं. शेवटच्या आठवड्यात पुष्कळशा होड्या वर ओढलेल्या दिसतात. मग ‘ताजी सुरमई’ असं फळ्यावर लिहिणाऱ्याला ती कुठून आली ते जरूर विचारा.

पेजपापड

मेच्या मध्यावर, त्यामुळे होड्यांचं जमेल. लिलावाचा मुद्दा तगडा आहे. पण तिथे बोली टोपलीवर लागते, व्यापारी हातघाईवर असतात. आमच्यासारख्या हौशी माणसाला ११ जणांपुरता मासा कोण देणार?

हर्णै_बंदर

बोलीत उतरायचंच नाही. बाजूला बायका बसलेल्या असतात, त्यांनी घेतलेली टोपली सुटी विकतात. भाव करा, पण अपमान वाटेल इतका खाली नको. साफ करून, तुकड्या पाडून देणारेही तिथेच असतात.

देवबाग_माडाखाली

मी जेवण करून घालणाऱ्यांपैकी आहे, म्हणून चार शब्द. जाहिरात करत नाही, मेमध्ये माझ्याकडे तशीही जागा नसते.

दोन्ही बाजूंना आमची अडचण माहीत नाही. लोक फोनवर म्हणतात, “पापलेटच पाहिजे.” अहो, दर्या माझ्या घरचा फ्रीज नाही. सकाळी बाजारात पापलेट चांगलं नसेल आणि तांबोशी किंवा मोरी चांगली असेल, तर मी ती घेणार. ज्याला हे चालत नाही त्याने रिसॉर्टलाच जावं, खरंच. तिथे मेनू छापलेला असतो आणि छापलेलं सगळं बर्फात ठेवावंच लागतं.

गावठी कोंबडीचंही तसंच. आदल्या दिवशी सांगायला हवी, शिजायला वेळ घेते. ऐनवेळी मागितली तर ताटात ब्रॉयलर येणार आणि तुम्ही तिला गावठी म्हणून गावभर सांगणार.

आता माझी तक्रार. गेल्या वर्षी १४ माणसांचं जेवण सांगितलं होतं, रात्री आठचं. वड्यांचं पीठ मळून ठेवलं, वाटण काढलं, तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं. पावणेनऊला फोन: “आम्ही सूर्यास्ताला बसलो होतो ना, तिथेच काहीतरी खाल्लं, आता नको.” त्या रात्री शेजारच्या तीन घरांत आमचे वडे. तेव्हापासून मी अर्धे पैसे आधी घेते. त्यावरही काहीजण रुसतात, ‘कोकणी माणूस व्यवहारी झाला’ म्हणतात.

देवबागला जेवायला येणार असाल तर निघण्याची वेळ आधीच धरा. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, मधे एकच अरुंद रस्ता. मे महिन्यात समोरून बस आली की पंधरा मिनिटं गेली. पोरं भुकेने रडत पोचतात आणि मग कौतुकाने केलेल्या जेवणाला चव लागत नाही.

कराडचे_जावईबापू

ताई, तुमच्यासारख्यांकडे मी उड्या मारत येईन. पण ११ जणांना घेऊन निघालेल्या माणसाला शंभरातून तुम्ही कशा सापडणार? मोबाइलवर सगळ्यांनाच साडेचार तारे.

शाकाहारी_पण_कोकणी

तारे बघूच नका. एक तारा देणाऱ्यांचं वाचा. ‘एसी नव्हता’, ‘मेनूकार्ड नव्हतं’, ‘चायनीज मिळालं नाही’ अशा तक्रारी असतील तर डोळे मिटून जा. ‘उशीर’ आणि ‘बिल’ हे शब्द पुन्हा पुन्हा दिसले तर नको.

आणि लोकांनी टाकलेल्या फोटोंतली सोलकढी बघा, मी शाकाहारी असल्याने माझं लक्ष तिच्याकडेच असतं. आगळ (कोकमाचा अर्क) आणि नारळाच्या रसाची सोलकढी फिकट, जराशी जांभळटाकडे झुकलेली असते आणि थोडा वेळ ठेवली की रस वर, पाणी खाली होतं. बाहुलीच्या फ्रॉकसारखी गुलाबी आणि शेवटपर्यंत एकजीव दिसली, तर ती पाकिटातून आलीय. जो सोलकढीत चोरी करतो तो वाटणात काय करत असेल?

मालवणी_खाजा

ह्या एकदम बराबर.

पेजपापड

काल रात्री घडलेलं सांगतो, मग शिव्या घाला.

धाग्यातले सगळे मुद्दे भावाला वाचून दाखवत होतो. आई बाजूला शेंगा सोलत बसली होती. मधेच म्हणाली, “मला कुणी विचारलंत का?” आम्ही गप्प. मग म्हणाली, “५० वर्षं मासे साफ केले, वाटण वाटलं, वडे थापले. राजापूरला चुलीवर, इकडे गॅसवर. मला वड्यांचं कसलं अप्रूप? मला ते हॉटेलात ग्लासात नॅपकिन खोचून ठेवतात ना, तसं टेबल पाहिजे. तंदुरी रोटी, पनीर आणि शेवटी आइस्क्रीम. आणि वाढायला दुसरं कुणीतरी.”

भाऊ अर्धा तास नाचत होता.

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “मला गावठी कोंबडी. मऊ शिजलेली.”

कराडचे_जावईबापू

मी काय म्हणत होतो! माणसांकडे बघा!

देवबाग_माडाखाली

आईंचं खरं आहे. मीही बाहेर गेले की मंच्युरियन मागवते, घरात सांगू नका कुणी.

हर्णै_बंदर

पनीर खायला तारकर्ली. आता मी काही बोलत नाही.

शाकाहारी_पण_कोकणी

पनीरवर मी वर एवढं बोलले, आता तोंड कुठे लपवू. पण आईंना जे हवंय ते सोमवारी द्या ना. खरी तारीख तीच, आणि त्या दिवशी त्या मासे खाणारच नाहीत. मग भावाचं रिसॉर्ट सोमवारी रात्री, पानावरचं जेवण रविवारी. बुफे मात्र टाळा, टेबलावर आणून वाढायला सांगा. ताट घेऊन रांगेत उभं राहायचं म्हणजे पुन्हा स्वतःचं स्वतःच वाढून घ्यायचं.

पेजपापड

हे इतकं सरळ होतं आणि आम्ही आठ दिवस भांडलो. भावाने रिसॉर्टला फोन केला. सोमवारी टेबल आहे, बुफे नको म्हटल्यावर जरा कुरकुरले, पण तयार झाले. नॅपकिन ग्लासात खोचणार का, हेही त्याने विचारलं. पलीकडचा माणूस दोनदा “काय?” म्हणाला.

रविवारचं अजून अधांतरी. दुपार की रात्र यावर मी हर्णैकरांपुढे अर्धी शरणागती पत्करली आहे. रात्र करू, पण साडेसातला, पोरं पेंगायच्या आत. तारकर्लीतच दोन घरगुती ठिकाणं काढलीत. उद्या दोघांना फोन करून पायऱ्या किती आणि कमोड आहे का, हे आधी विचारणार, मासे नंतर.

देवबाग_माडाखाली

गावठी कोंबडी आदल्या दिवशी सांगावी लागते, तेव्हा नक्की आकडा शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, जिथे सांगाल तिथे. मेहुण्यांना कोंबडीतून वगळून आकडा सांगा. आणि आई रविवारी वडे खाणार की नाही, तेही विचारून ठेवा.

पेजपापड

विचारलं. म्हणाली, “दोन. पण थापायला मी उठणार नाही.”