विषय: मुलगा पहाटे खोकतो, घरात एअर फिल्टर कुठला बसवावा?

सोमवार, 31 मार्च 2025 | आल्फारेटाहून

मंडळी, नमस्कार. पाडव्याच्या शुभेच्छा, एक दिवस उशिराने.

काल सकाळी पोर्चच्या कठड्याला गुढी बांधली. पूजा आटपून प्रसाद वाटेपर्यंत तांब्यावर पिवळी भुकटी बसलेली. खणावरून बोट फिरवलं, तर बोटाला हळद लागावी तसं झालं. शनिवारी अटलांटाचा पोलन काउंट (हवेतल्या परागकणांचा आकडा) 14,801 होता, इथला आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. एरवी 1,500 च्या वर गेला तरी ‘अतितीव्र’ म्हणतात.

माझा धाकटा सात वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याची ॲलर्जी टेस्ट केली. ओकचे परागकण आणि डस्ट माइट्स (गादी-उशीतले डोळ्यांना न दिसणारे किडे), दोन्ही ठिकाणी पाठीवर टपोऱ्या गांधी उठल्या. औषध चालू आहे, पण पहाटे तीनच्या सुमारास खोकला सुरू होतो आणि उजाडेपर्यंत थांबत नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहते.

एसीच्या सर्व्हिसला आलेल्या माणसाने युव्ही दिवा आणि आयनायझर (हवेतल्या कणांना विद्युतभार देणारं यंत्र) बसवायला सांगितलंय. कोटेशन 2,700 डॉलरचं, आणि आज सही केली तरच सूट. मी सही केलेली नाही. मंडळात कुणी यातलं जाणकार असेल तर सांगा. सगळ्या घराचा फिल्टर बदलू, की खोलीसाठी वेगळं प्युरिफायर घेऊ?

– अ.

सोमवार, 31 मार्च | जॉन्स क्रीकहून

अगं, एवढा विचार करू नकोस. दुकानात सगळ्यात मोठ्या नंबरचा फिल्टर मिळतो तो आण. आम्ही 10 नंबरचा लावतो. पूर्वी 8 चा होता, त्यापेक्षा खूप बरा आहे.

– व.

मंगळवार, 1 एप्रिल | मॅरिएटाहून

अ., आधी एक काम कर. ते कोटेशन बाजूला ठेव. मी 31 वर्षं इमारतींच्या हवेचं काम केलं, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. लांब लिहितोय, पण घाई करू नकोस, नीट वाच.

युव्ही दिवा जंतू मारतो. तुझ्या मुलाला त्रास देतात ती प्रथिनं, परागातली आणि माइट्सच्या विष्ठेतली. ती मुळात जिवंतच नसतात, त्यांना मारणार काय? आणि काही आयनायझर ओझोन सोडतात. ओझोनने खोकणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेला आणखी जळजळ होते. कॅलिफोर्नियाने घरगुती एअर क्लीनरसाठी ओझोनची मर्यादा 0.050 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) ठरवली आहे. काहीही विकत घेताना त्या राज्याचं प्रमाणपत्र खोक्यावर आहे का, ते बघ. आपण जॉर्जियात राहत असलो तरी बघ.

व., तुमच्या घरातला 10 आणि 8 हे बहुधा वेगवेगळ्या मापांतले आकडे आहेत. फिल्टर किती कण धरतो हे सांगणारी मापं तीन: एका दुकानाचं स्वतःचं एफपीआर, एका कंपनीचं एमपीआर आणि सगळ्या उद्योगाचं मर्व्ह. एफपीआर 10 म्हणजे साधारण मर्व्ह 13, एमपीआर 1900 म्हणजेही साधारण तेच. त्यामुळे ‘मोठा नंबर घ्या’ असं सांगून भागत नाही, कुठल्या मापातला ते विचारावं लागतं.

आता मर्व्हचं. 3 ते 10 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण मर्व्ह 8 किमान 70 टक्के धरतो, मर्व्ह 13 किमान 90 टक्के. खरा फरक बारीक कणांत पडतो. 0.3 ते 1 मायक्रॉनचे कण मर्व्ह 13 निम्मे तरी धरतो, 8 कडून त्याची हमीच नाही. ओकचा पराग वीस-तीस मायक्रॉनचा, म्हणजे त्याला 8 सुद्धा अडवतो. (गाडीवर दिसणारा पिवळा थर बहुतांशी पाइनचा. तो कण आणखी मोठा, आणि त्याने ॲलर्जी फार कमी जणांना होते. त्रास देणारा ओक त्याच दिवसांत, न दिसता येतो.) बारीक कण म्हणजे मांजराचं ॲलर्जन, परागाचे फुटके तुकडे, उदबत्तीचा आणि फोडणीचा धूर. त्यांच्यासाठी 13.

मग सगळ्यांनी 13 च का लावू नये? त्याचं उत्तर मी माझ्या घरात शिकलो. वरच्या मजल्यावर 20 बाय 20 इंचांच्या रिटर्नमध्ये (घरातली हवा एसीकडे परत ओढणाऱ्या जाळीच्या तोंडात) मी एक इंची मर्व्ह 13 बसवला. युनिट तीन टनाचं, म्हणजे मिनिटाला साधारण 1,200 घनफूट हवा ओढणारं. 20 बाय 20 म्हणजे पावणेतीन चौरस फूट. हवा त्यातून मिनिटाला 430 फुटांनी जाणार, ती 300 च्या आसपास हवी. जुलैत हवा कमी पडून कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर) बर्फ धरला. बर्फ वितळला तेव्हा माळ्यावरून पाणी गळून मुलीच्या खोलीच्या छताला ताटाएवढा डाग पडला. आयुष्यभर दुसऱ्यांना जे सांगत आलो, ते मी घरी मोजलं नव्हतं.

म्हणून एक इंची जागा असेल तर मर्व्ह 11 वर थांब, किंवा कंत्राटदाराकडून चार इंची फिल्टरची पेटी बसवून घे आणि मग 13 लाव. घड्या खोल असल्या की कागद जास्त बसतो आणि हवेला वाट मिळते. 13 लावल्यावर स्टॅटिक प्रेशर, म्हणजे हवा ओढताना पंख्यावर येणारा दाब, मोजून घे. ते न मोजता ‘चालेल’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट पुढेच आहे. छतातला फिल्टर ब्लोअर (एसीचा पंखा) फिरतो तेव्हाच काम करतो. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे ना हीटिंग लागतं ना कूलिंग. म्हणजे परागाचा कहर असतो त्याच आठवड्यांत तुझा फिल्टर दिवसभर नुसता लटकलेला असतो. थर्मोस्टॅटवर फॅन ‘ऑन’ करता येतो, आणि कोरड्या दिवसांत तो करावा. जुलैत मात्र करू नकोस. कूलिंग मधेमधे थांबतं तेव्हा कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं, घर दमट होतं आणि माइट्सना तेच हवं असतं.

म्हणून मुलाच्या खोलीत वेगळं प्युरिफायर हवंच. हेपा (अगदी बारीक कणही धरणारा फिल्टर) असं स्पष्ट लिहिलेलं घे, ‘हेपा टाइप’ नको. सीएडीआर बघ, म्हणजे यंत्र मिनिटाला किती घनफूट स्वच्छ हवा देतं तो आकडा. खोलीच्या चौरस फुटांच्या दोन-तृतीयांश तरी तो हवा, हे आठ फूट उंच छत धरून. पण तो आकडा यंत्र पूर्ण वेगाने चालवून काढलेला असतो, आणि त्या आवाजात मूल झोपत नाही. म्हणून मी दुप्पट क्षमतेचं घ्यायला सांगतो, म्हणजे मधल्या वेगावर रात्रभर पुरतं. दार-खिडक्या बंद ठेव.

शेवटचं, रिटर्नचं ग्रिल उघडून जे दिसेल ते कळव. खोक्यावरची मापं खरी नसतात, 20 बाय 25 चा फिल्टर प्रत्यक्षात अर्धा इंच लहान भरतो. टेप घेऊन जागाही मोज.

– काका

मंगळवार, 1 एप्रिल, रात्री | डिकेटरहून

काकांनी माझं अर्धं काम हलकं केलं. मी ॲलर्जीची डॉक्टर आहे. हे कुणा एका मुलाचं निदान नाही, पण एवढं सांगते.

हवेतला फिल्टर पराग धरतो, माइट्सच्या बाबतीत तो फार थोडा उपयोगी. माइट्सच्या विष्ठेचे कण जड असतात. अंथरूण झटकलं की उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात. ते हवेत फार राहतच नाहीत, मग यंत्र त्यांना ओढणार कुठून? ते असतात उशीत, गादीत आणि मुलाच्या नाकाखाली. त्यामुळे पहिला खर्च उशी आणि गादीच्या झिप लावलेल्या घट्ट विणीच्या खोळींवर कर. चादरी आठवड्याला 130 अंश फॅरनहाइट पाण्यात धुवायच्या. हायग्रोमीटर आणून घरातली आर्द्रता 50 टक्क्यांखाली ठेव.

एक विचारते, रागावू नकोस. मुलाच्या पलंगावर गोधडी आहे का? आपल्या प्रत्येक घरात असते. आजीच्या साड्यांची गोधडी म्हणजे कापडाचे सात-आठ थर, त्यात माइट्स ठाण मांडून बसतात. ती टाकू नकोस. टाके जुने असतील आणि गरम पाणी झेपणार नसेल तर दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेव, मग थंड पाण्यात धू. फ्रीझरने माइट्स मरतात, पण त्यांची विष्ठा धुतल्याशिवाय जात नाही. घरात पाळलेली सवय म्हणून आपण उन्हात वाळत घालतो. एप्रिलमध्ये तेवढं नको, इथल्या उन्हासोबत परागही घरात येईल. ड्रायर वापर.

बाहेरून आलं की चपला दाराशी, कपडे धुण्यात आणि केसांवरून पाणी. चपलांची सवय आपल्याला आहेच, बाकीचं मुलाला लाव. आणि कंट्रोलर (त्रास आटोक्यात ठेवायला रोज घ्यायचं) औषध कुणाच्या सांगण्यावरून थांबवू नकोस, पहाटेचा खोकला त्याच्या डॉक्टरांना सांग.

– ताई

बुधवार, 2 एप्रिल | मिडटाउनहून

काका, मी विद्यार्थी आहे, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. छतातलं काही उघडायची परवानगी नाही आणि मोठं प्युरिफायर परवडत नाही. दोन वर्षं कोर्सी-रोझेंथल पेटी, म्हणजे घरी बांधायचं प्युरिफायर, वापरतोय. अभियंता रिचर्ड कोर्सी आणि टेक्सासचे जिम रोझेंथल यांनी 2020 मध्ये मांडलेली कल्पना. 20 इंची बॉक्स फॅन, चार बाजूंना 20 बाय 20 चे मर्व्ह 13 फिल्टर, तळाला पुठ्ठा आणि भरपूर डक्ट टेप. फिल्टरवरचे बाण आतल्या दिशेला, फॅन वर तोंड करून. वरच्या पंख्यावर मधोमध गोल भोक कापलेला पुठ्ठा लावला की हवा जास्त फिरते. फॅन 2012 नंतरचा घ्या, त्याच्या प्लगमध्ये फ्यूज असतो. माझ्या शिंका बऱ्यापैकी कमी झाल्या. ज्यांना करून हवी, त्यांच्याकडे येऊन बांधून देतो.

– नि.

शनिवार, 5 एप्रिल | आल्फारेटाहून

काका, ताई, नि., खूप आभार. काय काय केलं ते सांगते.

वरच्या मजल्याचं ग्रिल उघडलं. जागा 20 बाय 25 ची, आणि आत 16 बाय 25 चा फिल्टर! आधीच्या मालकाचा असावा, आणि आम्ही दीड वर्षं तो बघितलाही नव्हता. बाजूला चार इंचांची फट. पत्र्यावर त्या फटीच्या रेषेत काळा पट्टा उमटलेला, फिल्टर मात्र मधोमध जवळजवळ पांढरा. म्हणजे हवा फटीतूनच जात होती, बरोबर ना? मी ते बघून खाली बसले. आम्ही रोज झाडून पुसून घर स्वच्छ ठेवतो आणि ही वाट उघडीच होती.

नवा मर्व्ह 11 योग्य मापाचा आणला. मुलाची खोली 12 बाय 14, म्हणजे 168 चौरस फूट. दोन-तृतीयांश 112 आला. मी 240 सीएडीआरचं यंत्र घेतलं, मधल्या वेगावर चालतं. काल जिऱ्याची फोडणी दिली तर वरच्या मजल्यावर त्याचा दिवा लाल झाला. चुलीवरचा पंखा हवा बाहेर न टाकता पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो, हे त्या दिव्यामुळे कळलं.

गोधडी माझ्या आईच्या आईची. एका कोपऱ्यात तिच्या इरकली साडीचा काठ आहे. ती सध्या फ्रीझरमध्ये आहे, मटारच्या पिशव्या बाहेर काढून जागा केली. धाकटा तिच्याशिवाय झोपत नव्हता, त्याला सांगितलं आहे की ती दोन दिवस ‘थंड हवेच्या ठिकाणी’ गेली आहे.

खोकला थांबलेला नाही. पण पहिल्या तीन रात्री तीनला सुरू व्हायचा, काल पावणेपाचला झाला. डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली आहे.

काका, खालच्या मजल्याचं ग्रिल मला उघडता आलं नाही, स्क्रू गंजला आहे.

– अ.

शनिवार, 5 एप्रिल | मॅरिएटाहून

चार इंचांच्या फटीत कुठलाही फिल्टर कामाचा नाही, तू ती बघितलीस हे चांगलं झालं. मर्व्ह 11 दर दोन महिन्यांनी बदल, एप्रिलमध्ये मात्र महिन्याने बघ. ब्लोअरवर आणि कॉइलवर गेलेला कचरा धुवावा लागेल. तो साधा सर्व्हिसचा खर्च आहे, 2,700 चा नाही.

गंजलेल्या स्क्रूवर जोर लावू नकोस, डोकं घासून जाईल. उद्या दुपारी येतो, स्प्रे आणि पेचकस घेऊन. प्रेशर मोजायचा गेजही गाडीत आहे.

– काका