लॅबमधल्या सदस्यांच्या ‘संशोधनरुची’ कशा वाचाव्यात?

केवडा (प्रश्न)
मी पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करीत असून हे माझे शेवटचे वर्ष आहे. अमेरिकेत चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या पीएच.डी.साठी अर्ज करण्याचा विचार आहे. तेथे बहुतेक ठिकाणी प्राध्यापकच आपल्या लॅबसाठी, म्हणजे संशोधनगटासाठी, विद्यार्थी निवडतात असे कळल्यामुळे गेले दोन महिने मी निरनिराळ्या लॅबच्या संकेतस्थळांवर सदस्यांची माहिती वाचते आहे. प्रत्येक छायाचित्राखाली नैराश्य, मानसिक आघात, भावनांचे नियमन, आत्महत्येचा धोका असे तेच ते शब्द असतात आणि शेवटी गिर्यारोहण व मांजर. दहा लॅब वाचून झाल्यावर सगळ्या एकसारख्या वाटू लागल्या आहेत. यांतून तेथे नेमके काय चालते, हे कसे ओळखावे? माझी आवड ‘नैराश्य’ एवढीच लिहिली तर चालेल का?

उंबरठा
मी अशाच एका लॅबमध्ये पाचव्या वर्षाला आहे. यादी खालून वर वाचा, असा माझा सल्ला आहे. प्रमुखांच्या नावाखालची रुची वीस वर्षांच्या कामाचा गोषवारा असते, त्यामुळे ती ऐसपैस असणारच. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या रुचीवरून मात्र त्या लॅबमध्ये आज कोणती माहिती गोळा होते आहे हे कळते, कारण विद्यार्थी सहसा हाताशी असलेल्या माहितीवरच प्रबंध बेततो. दोघेजण ‘आत्महत्येचा धोका’ असेच लिहितात. पण एक जण सहभागी व्यक्तीच्या फोनवर दिवसातून चार-पाच वेळा प्रश्न पाठवून त्या-त्या क्षणीची मनःस्थिती नोंदवीत असतो आणि दुसरा रुग्णालयातील जुने कागद चाळीत असतो. विषय एक असला तरी दोघांचे दिवस सर्वस्वी वेगळे. म्हणून विषयाच्या शब्दापेक्षा ‘कोणाकडून, कशाने, किती काळ’ हे शोधा, आणि ते संकेतस्थळावरील माहितीत सापडले नाही तर त्या विद्यार्थ्याचे शोधनिबंध उघडून पद्धतीचा भाग वाचा.

विद्यार्थ्यांच्या माहितीत संशोधनाबरोबर दवाखान्यातील कामाचाही उल्लेख असतो, त्याने गोंधळू नका. १९४९ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे झालेल्या परिषदेने संशोधक आणि चिकित्सक अशा दुहेरी प्रशिक्षणाचा पुरस्कार केला, त्याचाच हा वारसा आहे. मी आठवड्यातले काही तास रुग्ण पाहतो, आणि पदवीपूर्वी एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिपही करावी लागते. मांजराकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

दर्याकिनारी
वरील मुद्द्याला गोव्यातील एक उदाहरण जोडतो. ‘संगत’ या संस्थेच्या पुढाकाराने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्यांसाठी सहा ते आठ बैठकींची एक उपचारपद्धती तपासली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. बैठका घेणारे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. त्यांना त्या कामापुरते प्रशिक्षण दिलेले होते. ते एकमेकांच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे ऐकून ठरलेल्या तक्त्यावर गुण देत असत. अशा प्रकल्पातल्या माणसाने ‘उपचाराची गुणवत्ता’ ही रुची लिहिली, तर तिचा प्रत्यक्ष अर्थ कानाला हेडफोन लावून तासभर दुसऱ्याचे संभाषण ऐकणे आणि ‘समुपदेशकाने रुग्णाला दिलेला घरचा अभ्यास विचारला का’ यासारख्या ओळीपुढे आकडा भरणे असा होतो. हे काम वर्षभर आवडेल का, असा प्रश्न स्वतःला विचारा.

तुम्ही एम.ए.च्या प्रबंधासाठी काय केले आहे?

केवडा
भोर तालुक्यातील दोन गावांत पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतून विचारली. ‘उदास वाटते का?’ या प्रश्नाला बऱ्याच बायका सरळ ‘नाही’ म्हणत. एका आजींनीही शून्य गुणाचे उत्तर दिले, पण कागद आवरताना ‘जीव कशातच रमत नाही बाई, अंगात त्राण म्हणून नाही’ असे म्हणून त्या पुढे दहा मिनिटे बोलत राहिल्या. पुढच्या घरांत मी थकव्याचा आणि झोपेचा प्रश्न अधिक सावकाश विचारू लागले.

दर्याकिनारी
मग तुमची आवड ‘नैराश्य’ नाही. खरी आवड तुम्ही आत्ता सांगितलीत. मात्र प्रश्न विचारण्याची रीत मध्येच बदलली, हे प्रबंधात प्रामाणिकपणे नोंदवा, कारण आधीच्या आणि नंतरच्या घरांचे गुण सरसकट एकत्र करता येणार नाहीत.

पाटीपेन्सिल
थोडे विषयांतर वाटेल, पण परत येण्याचा विचार असेल तर हेही पाहावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ची व्याख्या दिलेली आहे आणि ती भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेशी किंवा पूर्णवेळ दोन वर्षांच्या एम.फिल.शी जोडलेली आहे. परदेशातील पीएच.डी. संशोधनासाठी कितीही भारी असली, तरी येथे दवाखाना चालवायचा असल्यास परिषदेकडे आधीच लेखी चौकशी केलेली बरी.

केवडा
सर्वांचे आभार. अर्जासाठी हे वाक्य लिहिले आहे: ‘ग्रामीण महाराष्ट्रातील वृद्ध स्त्रिया नैराश्य शारीरिक तक्रारींतून व्यक्त करतात, तेव्हा प्रश्नावलीतील गुण कितपत विश्वसनीय ठरतात, हे मला तपासायचे आहे.’

उंबरठा
‘ग्रामीण महाराष्ट्रातील’ ऐवजी ‘भोर तालुक्यातील दोन गावांतील’ असे लिहा. आणि सहभागी स्त्रियांपैकी साठीच्या पुढच्या किती होत्या ते मोजा. त्या आजी एकट्याच असतील, तर ‘वृद्ध’ हा शब्द काढून टाका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल.